यंत्रांचे स्वस्थवृत्त : औषधशाळेतील देखभाल आणि संगणक

चिकित्सेच्या चार पादांचा विचार करताना वैद्य, परिचारक आणि रुग्ण यांच्या गुणांची चर्चा आपण नेहमी करतो. द्रव्य या पादाची चर्चा निघाली की वनस्पतींची ओळख, भेसळ, संग्रहकाल, वीर्य टिकण्याची मुदत हे विषय ओघाने येतात. परंतु ज्या यंत्रांतून हे द्रव्य आज कल्पाचे रूप घेते, त्या यंत्रांची प्रकृती कशी आहे, हा प्रश्न आपल्या सभा-संमेलनांत क्वचितच विचारला जातो. खल-बत्ता, जाते आणि भट्टी यांची बरीचशी जागा पल्व्हरायझर, एन्ड रनर, मास मिक्सर, ट्रे ड्रायर, मफल फर्नेस आणि टॅब्लेट मशीन यांनी घेऊन अनेक दशके झाली. खल झिजला तर तो घोटणाऱ्याच्या हाताला कळत असे. यंत्र झिजले तर ते कोणाला कळते, केव्हा कळते आणि कळल्यावर त्याची नोंद कोठे होते, याचा विचार येथे करावयाचा आहे. मोठे उद्योग या कामासाठी संगणकीय प्रणाली वापरतात. आपल्या लहान व मध्यम औषधशाळांनी आणि पंचकर्म केंद्रांनी ती वापरावी काय, आणि वापरल्यास कोणती पथ्ये पाळावीत, यासंबंधी आमचे मत आम्ही व्यवसायबंधूंपुढे मांडत आहोत.

नियम आहे, वही आहे. देखभाल आहे काय?

औषध नियमावलीत २००० साली शेड्यूल टी समाविष्ट झाले आणि आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांसाठी उत्तम उत्पादन पद्धतीचे निकष लागू झाले. त्यात जागा, पाणी, कर्मचाऱ्यांचे आरोग्य, बॅचच्या नोंदी यांबरोबर यंत्रसामग्रीचाही विचार आहे. प्रत्येक यंत्राची स्वच्छता, देखभाल आणि कार्यक्षमता यांसाठी प्रमाणित कार्यपद्धती ठरवून द्यावी, अशी अपेक्षा त्यात स्पष्टपणे नोंदलेली आहे. त्यामुळे परवानाधारक औषधशाळेत देखभालीची वही असतेच. प्रश्न त्या वहीच्या प्रामाण्याचा आहे. वर्षभराच्या नोंदी तपासणीच्या आदल्या आठवड्यात एकाच शाईने आणि एकाच हस्ताक्षरात भरल्या जाण्याचा प्रकार आपल्या व्यवसायाला अपरिचित नाही. अशी वही निरीक्षकांसाठी लिहिली जाते. यंत्रासाठी आणि रुग्णासाठी ती लिहिली जात नाही.

येथे एक विसंगती ठळकपणे जाणवते. स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण प्रथम आणि आतुराच्या विकाराचे प्रशमन त्यानंतर, असा ज्या शास्त्राचा क्रम आहे, त्या शास्त्राचे अनुयायी आपल्या यंत्रांच्या बाबतीत मात्र बंद पडेपर्यंत चालवावे आणि बंद पडल्यावर मिस्त्रीला बोलवावे, या मार्गाने जातात. रुग्णाला दिनचर्या व ऋतुचर्या सांगणाऱ्या वैद्याच्या औषधशाळेतील यंत्रांना कोणतीही चर्या नसावी, हे शोभणारे नाही.

यंत्राचे क्रियाकाल

सुश्रुताचार्यांनी वर्णन केलेले सहा क्रियाकाल यंत्रालाही लावून पाहता येतात. पल्व्हरायझरच्या बेअरिंगमधील वंगण कमी होते, हा संचय. बेअरिंग तापू लागते आणि यंत्राचा आवाज बदलतो, हा प्रकोप. कंप पट्ट्याकडे आणि मोटारीकडे पोहोचतो, हा प्रसर. शाफ्टच्या एखाद्या भागात झीज घर करते, हा स्थानसंश्रय. यंत्र बंद पडते, ही व्यक्ती. तात्पुरती डागडुजी करून तेच यंत्र पुन्हा रेटले की शाफ्ट तुटतो किंवा मोटार जळते, हा भेद. संचयाच्या अवस्थेत ग्रीसच्या एका नळीने भागणारे काम भेदाच्या अवस्थेत काही दिवसांचे उत्पादन बुडवते. हा हिशेब कोणत्याही औषधशाळेच्या मालकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

तथापि ज्या दोषांत यंत्र बंदच पडत नाही, त्या दोषांकडे अधिक गांभीर्याने पाहिले पाहिजे. पल्व्हरायझरचे हॅमर झिजले तरी चूर्ण पडत राहते. झिजलेल्या धातूचे कण त्या चूर्णात मिसळतात. चाळणीला बारीक चीर गेली तरी काम थांबत नाही. केवळ चूर्ण वस्त्रगाळ राहत नाही. ट्रे ड्रायरमधील पंखा मंदावला तर वरच्या थाळ्या सुकतात, खालच्या ओलसर राहतात आणि दोन महिन्यांनी डब्यात बुरशी दिसते. टॅब्लेट मशीनचे पंच आणि डाय झिजले तर वटीच्या वजनात फरक पडू लागतो. मफल फर्नेसचे थर्मोकपल बिघडले तर पडद्यावरील अंक एक आणि आतील अग्नी दुसराच, अशी स्थिती येते; मग भस्माच्या परीक्षेत येणारे अपयश कच्च्या द्रव्याच्या माथी मारले जाते. क्षारसूत्राच्या कपाटातील अतिनील दिवा निळा प्रकाश देत राहतो, परंतु ठरावीक तासांच्या वापरानंतर त्याची जंतुनाशक शक्ती क्षीण झालेली असते. डोळ्यांना दिसणारा प्रकाश तेथे प्रमाण मानता येत नाही. किती तास दिवा जळला, हीच खरी नोंद. या सर्व दोषांना व्यक्तीची अवस्था जणू नाहीच. ते शोधावे लागतात, आणि शोधण्याची वेळ कोणीतरी लक्षात ठेवावी लागते.

संगणक नेमके काय करतो?

देखभालीच्या संगणकीय प्रणालीचे स्वरूप समजण्यास अवघड नाही. प्रत्येक यंत्राला एक क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाखाली यंत्राची खरेदी, निर्माता, सुटे भाग, वार्षिक देखभाल कराराची मुदत आणि आजवरच्या दुरुस्त्या यांची माहिती राहते. कोणते काम किती दिवसांनी किंवा यंत्र किती तास चालल्यानंतर करावयाचे, हे एकदा ठरवून दिले की त्या त्या वेळी संबंधित व्यक्तीच्या मोबाइलवर कामाची चिठ्ठी जाते. काम झाल्यावर कोणी केले, केव्हा केले, काय आढळले आणि कोणता भाग बदलला, ही नोंद होते. काम राहिले तर ते राहिल्याचेही दिसते. पट्टे, बेअरिंग, गॅस्केट, चाळण्या यांचा साठा किती उरला, हेही त्यातच कळते.

यातील बरेचसे काम चांगली वहीसुद्धा करू शकते, हे आम्ही मान्य करतो. वहीच्या आवाक्याबाहेरचे काम वेगळे आहे आणि आमच्या मते तेच संगणकाच्या बाजूचे सर्वांत बळकट कारण आहे. ते एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल.

समजा, एखाद्या औषधशाळेत विषद्रव्ये मोजण्यासाठी एक लहान इलेक्ट्रॉनिक काटा आहे आणि इतर द्रव्यांसाठी मोठा काटा आहे. एका सोमवारी प्रमाणित वजन ठेवून पाहिले असता लहान काटा १०० ग्रॅमच्या जागी ९६ ग्रॅम दाखवतो. म्हणजे त्या काट्यावर १०० ग्रॅम दिसेपर्यंत टाकलेला शोधित वत्सनाभ प्रत्यक्षात १०४ ग्रॅमहून अधिक भरलेला असणार. मोठा काटा बरोबर असल्याने इतर द्रव्ये योग्य मानाने पडली, आणि कल्पातील प्रमाण बिघडले. आता काटा दुरुस्त करणे हे सोपे काम आहे. कठीण प्रश्न पुढचा आहे. मागील तपासणीत काटा बरोबर होता, तेव्हापासून आजपर्यंत त्यावर कोणकोणत्या बॅचचे द्रव्य तोलले गेले? त्यांतील कोणत्या अद्याप कोठारात आहेत आणि कोणत्या दुकानदारांकडे व वैद्यांकडे पोहोचल्या?

बॅचच्या नोंदी एका वहीत, काट्याच्या नोंदी दुसऱ्या वहीत आणि विक्रीच्या नोंदी तिसरीकडे, अशी व्यवस्था असेल तर हे उत्तर शोधण्यास काही दिवस लागतात. बहुधा ते शोधलेच जात नाही. काटा दुरुस्त होतो आणि विषय संपतो. प्रत्येक बॅचच्या नोंदीत वापरलेल्या यंत्रांचे क्रमांक घातलेले असतील आणि या तिन्ही नोंदी संगणकात परस्परांशी जोडलेल्या असतील, तर ती यादी काही मिनिटांत समोर येते. शेड्यूल ई(१) मधील विषारी द्रव्ये वापरणाऱ्या औषधशाळेला तरी ही सोय चैनीची मानता येणार नाही. त्रिभुवनकीर्ती किंवा आनंदभैरव देणारा वैद्य गुंजेच्या मानाने मात्रा ठरवतो. त्याची मात्रा बरोबर आणि औषधशाळेचा काटा चुकीचा असेल, तर दोष कोणाचा आणि परिणाम कोणाच्या शरीरावर, हे सांगावयास नको.

याच उदाहरणातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. काट्याची तपासणी दर आठवड्याला होत असेल तर संशयाच्या छायेत एका आठवड्याच्या बॅच येतात. वैधमापन खात्याची वार्षिक पडताळणी आणि शिक्का एवढ्यावरच विसंबून राहिल्यास संशय संपूर्ण वर्षावर पसरतो. तपासणी किती वेळा करावी, हा निर्णय त्यामुळे कारकुनी स्वरूपाचा उरत नाही. तो वैद्यकीय निर्णय ठरतो आणि तो वैद्यानेच घेतला पाहिजे.

यंत्रांची ऋतुचर्या

बाजारातील तयार प्रणालींमध्ये देखभालीचे वेळापत्रक महिना, तिमाही, वर्ष असे आखलेले असते. आपल्या व्यवसायाचे वर्ष तसे चालत नाही. दिवाळीपूर्वी उटणे आणि अभ्यंगतेल यांची मागणी वाढते, म्हणून पल्व्हरायझर, चाळण्या आणि भरणीयंत्र यांची मोठी तपासणी श्रावणातच उरकली पाहिजे. कार्तिकापासून आवळ्याची आवक सुरू झाली की च्यवनप्राशाच्या स्टीम जॅकेटच्या कढया अहोरात्र चालतात. त्यांचे व्हॉल्व्ह, दाबमापक आणि बॉयलर यांची तपासणी त्यापूर्वी झालेली असावी. वर्षा ऋतूत हवेतील आर्द्रतेमुळे ड्रायरवर सर्वाधिक भार पडतो, आणि त्याच काळात विजेच्या जोडण्या व अर्थिंग यांत बिघाड होण्याची शक्यता वाढते. कोकणातील व्यवसायबंधूंना हा अनुभव दरवर्षीचा आहे. प्रणाली कोणतीही घ्यावी. तिच्यातील वेळापत्रक मात्र आपण आपल्या हंगामानुसार आणि यंत्राच्या प्रत्यक्ष चालू तासांनुसार ठरवावे. विक्रेत्याने आणलेला तयार तक्ता जसाच्या तसा स्वीकारणे म्हणजे प्रकृती न पाहता औषध देण्यासारखे आहे.

पंचकर्म केंद्रांसाठी

औषधशाळेतील यंत्राचा दोष रुग्णापर्यंत औषधाच्या वाटेने पोहोचतो. पंचकर्म केंद्रात रुग्ण उपकरणाच्या अगदी जवळ असतो. नाडीस्वेदासाठी अनेक ठिकाणी घरगुती प्रेशर कुकरला रबरी नळी जोडून वापरतात. त्याचा सुरक्षा व्हॉल्व्ह, गॅस्केट आणि नळीची जोडणी यांची तपासणी कोणी, किती दिवसांनी करावी, हे किती केंद्रांत लिहून ठेवलेले आहे? स्वेदनपेटीचा थर्मोस्टॅट, तेल गरम करण्याच्या उपकरणाची वायर, शिरोधारेच्या स्टँडची पकड, द्रोणीला गेलेली चीर, ऑटोक्लेव्हचे गॅस्केट, रक्तदाबमापक, अग्निशामक नळकांडे या सर्वांची यादी एका पानात मावते. तेलाने माखलेले शरीर, ओली फरशी आणि सदोष वायर एकत्र आल्यास काय घडू शकते, याची कल्पना प्रत्येक वैद्याने करावी.

एवढ्या यादीसाठी महागडी प्रणाली विकत घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दहा-पंधरा उपकरणांच्या केंद्राला संगणकावरील एक साधा तक्ता आणि मोबाइलमधील आठवण पुरेशी आहे. अनेक खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्यांची गोष्ट निराळी. एनएबीएचच्या आयुष रुग्णालयांसाठीच्या मानकांत सुविधा व्यवस्थापन आणि सुरक्षितता हे स्वतंत्र प्रकरण आहे. मानांकनाची इच्छा असणाऱ्या रुग्णालयाला उपकरणांच्या देखभालीची पद्धतशीर नोंद टाळता येणार नाही.

शासकीय अनुभव काय सांगतो?

राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत केंद्र शासनाने २०१५ मध्ये जैववैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम हाती घेतला. त्यासाठी २९ राज्यांतील २९,११५ आरोग्य संस्थांमधील उपकरणांची गणना झाली. एकूण ७,५६,७५० उपकरणे आणि त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये, असा आकडा समोर आला. त्यांतील निकामी उपकरणांचे प्रमाण निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के आढळले. या कार्यक्रमात उपकरणे चालू राहण्याचे किमान प्रमाणही ठरवून देण्यात आले: जिल्हा रुग्णालयासाठी ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रासाठी ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ८० टक्के. यातून आपण घ्यावयाचा बोध साधा आहे. उपकरणे मोजल्याशिवाय आणि त्यांना क्रमांक दिल्याशिवाय किती निकामी आहेत, हे त्यांच्या मालकालाही ठाऊक नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०११ मध्ये वैद्यकीय उपकरणांविषयीच्या आपल्या पुस्तिकांच्या मालेत संगणकीय देखभाल प्रणालीवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली आहे. आपल्या औषधशाळांची अशी गणना आपणच करावयाची आहे.

पाळावयाची पथ्ये

संगणकाविषयी आमचा आग्रह असला तरी आंधळा विश्वास नाही. खोटी वही संगणकात उतरवली तर ती नीटनेटकी दिसते, खरी होत नाही. म्हणून काही पथ्ये सुचवावीशी वाटतात.

पहिले पथ्य, नोंद यंत्राला हात लावणाऱ्यानेच आणि त्याच वेळी करावी. बेअरिंगचा बदललेला आवाज प्रथम यंत्रचालकाला ऐकू येतो. कार्यालयातील संगणकासमोर बसलेल्या कारकुनाला तो ऐकू येत नाही. परंतु प्रणाली इंग्रजीत असली की यंत्रचालक तिच्यापासून दूर राहतो आणि कारकून दिवसअखेरीस सर्व चौकटींत बरोबरच्या खुणा करून मोकळा होतो. मराठीत पडदा दिसत नसेल आणि मराठीत लिहिता येत नसेल, तर ती प्रणाली कितीही नामवंत असली तरी घेऊ नये.

दुसरे पथ्य, मागाहून केलेली नोंद मागाहून केलेली म्हणूनच दिसली पाहिजे, आणि केलेला बदल पुसला जाता कामा नये. ही सोय नसलेली प्रणाली म्हणजे टंकलिखित वही होय.

तिसरे पथ्य, दोष कळवणाऱ्याला दोषी ठरवू नये. चाळणी फाटल्याचे सांगणाऱ्या कामगाराला बोलणी बसली, तर पुढची फाटलेली चाळणी कोणीही सांगणार नाही. नोंदीत दीर्घकाळ एकही दोष आढळत नसेल, तर मालकाने समाधान मानू नये. स्वतः जाऊन यंत्र उघडून पाहावे.

चौथे पथ्य, नोंदी आपल्या मालकीच्या राहाव्यात. अनेक प्रणाली वार्षिक वर्गणीवर चालतात आणि नोंदी विक्रेत्याच्या संगणकावर राहतात. वर्गणी थांबली किंवा विक्रेत्याने व्यवसाय बंद केला, तर आपल्या यंत्रांचा इतिहास त्याच्याबरोबर जाऊ नये. सर्व नोंदी केव्हाही उतरवून घेता येतील, हे करारात लिहून घ्यावे आणि दर महिन्याला त्यांची प्रत काढून ठेवावी.

पाचवे पथ्य, आरंभ थोड्यावर करावा. पहिल्याच दिवशी सर्व यंत्रांची शेकडो कामे प्रणालीत भरली, तर आठवणींचा भडिमार होतो आणि महिन्याभरात कोणीही त्यांच्याकडे पाहत नाही. काटे, ड्रायर, पल्व्हरायझर आणि दाबाखाली चालणारी उपकरणे एवढ्यांपासून सुरुवात करावी. ती घडी बसल्यावर पुढे जावे. अग्नी पाहूनच आहार वाढवावा, हे आपण रुग्णाला नित्य सांगतोच.

संघटनेकडून अपेक्षा

प्रत्येक औषधशाळेने हे काम एकट्याने करावे, असे आम्हांस वाटत नाही. आपल्या संघटनेने औषधशाळांतील आणि पंचकर्म केंद्रांतील सामान्य यंत्रांची एक यादी, प्रत्येक यंत्राच्या तपासणीचे मुद्दे आणि त्यांची वारंवारता असा मराठी नमुना तयार करावा. तो कागदावरही वापरता यावा आणि कोणत्याही प्रणालीत भरताही यावा. जिल्हा शाखांच्या बैठकांत वर्षातून अर्धा दिवस यंत्रचालकांच्या प्रशिक्षणासाठी द्यावा, आणि त्या बैठकीला मालकांबरोबर यंत्रचालकांनाही सन्मानाने बोलवावे. कोणत्या प्रकारच्या यंत्रात कोणता दोष वारंवार येतो, याची माहिती औषधशाळांची नावे न घेता एकत्र केली, तर नवीन यंत्र घेणाऱ्याला ती विक्रेत्याच्या रंगीत पत्रकापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

आपल्या औषधांच्या गुणवत्तेविषयी बाहेरून प्रश्न उपस्थित होतात, तेव्हा आपण शास्त्राच्या प्राचीनतेचा हवाला देतो. शास्त्र प्राचीन आहे यात शंका नाही. पण बॅच कालची आहे आणि काटा आजचा आहे. त्या काट्याची शेवटची तपासणी केव्हा झाली, या प्रश्नाला प्रत्येक औषधशाळेला तारखेसह उत्तर देता आले पाहिजे. ते कागदाच्या वहीतून मिळाले तरी चालेल, संगणकातून मिळाले तर लवकर मिळेल. व्यवसायबंधू-भगिनींनी या विषयावर आपले अनुभव व मतभेद या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत, आणि येत्या वर्षा ऋतूपूर्वी आपल्या यंत्रांची यादी तरी लिहून काढावी, ही विनंती.